अकरा वर्षं 'छान' म्हणत आले, आता खरं कसं सांगू?

अळीमिळी

हा आयडी नवा आहे. जुन्या आयडीने इथे बरीच वर्षं वावरते, पण त्या नावामागची बाई काहींना प्रत्यक्ष माहीत आहे आणि हा विषय त्या नावाने लिहायची छाती होत नाही. ॲडमिननी सांभाळून घ्यावं.

लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा चांगला आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण मैत्रिणीपाशी विषय काढला तेव्हा तिचा पहिला प्रश्न 'त्रास देतो का?' हाच होता. नाही देत. हसवतो, ऐकून घेतो, मुलगी तान्ही असताना रात्री तोच उठायचा. माझा प्रश्न वेगळा आहे.

पहिल्या वर्षी त्याने अंथरुणात एक गोष्ट केली. तपशील लिहीत नाही. काही अघोरी नाही, बरीच जोडपी करत असतील. मला ती अजिबात आवडली नाही. दुखलं वगैरे नाही, नुसती आवडली नाही, अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. नंतर त्याने विचारलं, 'आवडलं?' त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की मी म्हटलं, 'हो, छान.' झालं. त्या एका 'छान'वर त्याने घर बांधलं. अकरा वर्षं तो बिचारा ती गोष्ट माझ्यासाठी म्हणून करतोय, आणि मी छताकडे बघत कधी उरकतंय त्याची वाट बघते. वर आवाजही काढते.

आता असं झालंय की तो नुसता जवळ सरकला तरी मला पुढचं सगळं दिसायला लागतं आणि मी आधीच 'डोकं दुखतंय' म्हणून कूस बदलते. म्हणजे जे खरोखर आवडायचं तेही त्यासोबत गेलं.

'मला हे आवडत नाही' एवढं सांगणं एक वेळ जमेल. 'मला हे कधीच आवडलं नव्हतं' हे कसं सांगू? त्याला त्यातून एवढंच ऐकू येणार की अकरा वर्षं ही नाटक करत होती. आणि ते खोटं तरी कुठे आहे?

समुपदेशकाकडे जा हा सल्ला एकदा मिळालाय, पुन्हा दिलात तरी राग नाही. पण मला हे जाणून घ्यायचंय की तुमच्यापैकी कुणी असं काही सांगितलंय का, आणि नेमके कोणते शब्द वापरले. मला शब्द हवेत.

उंटावरून

जागा राखून ठेवतोय. बायको शेजारीच बसली आहे, ती उठली की लिहितो.

खारुताई

उंटावरून, तुमच्या या दोन ओळींतच अख्खा धागा आला :)

कडीकोयंडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एवढं बोलायची गरजच काय? अकरा वर्षं सुखाचा संसार झाला. आता उकरून काढून त्या माणसाचं मन मोडायचं कशासाठी? आणि खरं प्रेम असेल तर अशा गोष्टी न सांगता कळतात. आम्ही कधी याद्या करून चर्चा केल्या नाहीत, आमचं काही अडलं नाही.

खारुताई

न सांगता कळायला हवं हे एक वेळ मान्य करू. इथे तर तिने सांगून उलटं कळवलंय. त्या माणसाकडे तिच्या आवडीची जी एकमेव लेखी नोंद आहे तीच चुकीची आहे. तो कुठून ओळखणार?

आणि काका, 'आमचं काही अडलं नाही' हे दोघांच्या वतीने बोलताय की एकाच्या?

कडीकोयंडा

वैयक्तिक होऊ नये. मी या धाग्यावरून रजा घेतो.

अर्धविराम

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला होतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या बायकोने मला सात वर्षांनी सांगितलं. तुमच्यासारखंच, मला वाटायचं तिला आवडतं आणि तिला ते नको असायचं.

तिने सांगितलं गाडीत. मी चालवत होतो, दोघंही समोर रस्त्याकडे बघत. एकमेकांचा चेहरा दिसत नसताना अवघड गोष्ट बोलणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं. अंथरुणात सांगितलं असतं तर मी पुढे महिनाभर त्या खोलीत जाताना घाबरलो असतो. तिचे शब्द साधारण असे होते: 'मला तुला एक सांगायचंय, तुला वाईट वाटेल म्हणून खूप वर्षं सांगितलं नाही. पण न सांगितल्यामुळे मी तुझ्यापासून लांब जायला लागलेय आणि ते मला नकोय.' मग ती गोष्ट सांगितली. आणि लगेच तिला काय आवडतं तेही सांगितलं, अगदी नेमकं. 'बाकी सगळं छान आहे' असं मोघम म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता. तिने मानेमागच्या एका जागेचं नाव घेतलं. ते ऐकल्यावर मला वाटलं, हिने मला बाद केलेलं नाही.

आता माझं काय झालं ते. पहिले दोन दिवस मी गप्प. राग आला नव्हता, लाज वाटत होती. मग मी पोलीस तपास सुरू केला. 'मग त्या सहलीत?' 'मग माझ्या वाढदिवसाला?' एकेक जुनी रात्र काढून तिच्यासमोर ठेवत होतो, ही खरी की खोटी सांग म्हणून. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'तू निकाल लावायला बसला असशील तर मी पुन्हा कधी काही सांगणार नाही.' तिथे थांबलो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. नंतर तीन महिने मी तिला हातच लावला नाही. चुकीच्या जागी लागला तर काय, ही भीती. तिला वाटलं मी शिक्षा करतोय. तेव्हा अळीमिळी, तो सांगितल्यावर आक्रसून गेला तर तो रुसलाय असंच धरून चालू नका. बहुतेक घाबरलेला असेल.

अळीमिळी

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'लांब जायला लागलेय आणि ते मला नकोय' हे मला चोरावं लागणार.

बंडू_नव्हे

एक शक्यता कुणीच काढली नाही. त्यालाही ती गोष्ट आवडत नसेल आणि तुम्हाला आवडते म्हणून करत असेल तर? सगळंच हसण्यावारी जाईल.

तिसरी_घंटा

शब्द हवेत म्हणालात त्यावर. हा माझा आवडता रडगाण्याचा विषय आहे.

या कामासाठी मराठीत दोन कपाटं आहेत. एकात पाठ्यपुस्तक: संभोग, मुखमैथुन, उद्दीपन, शिश्निका. हे शब्द घेऊन कुणाच्या कानात बोलायला जा, न्यायालयाचा निकाल वाचून दाखवतोय असं वाटतं. दुसऱ्या कपाटात शिव्या. तेच अवयव, त्याच क्रिया, पण प्रत्येक शब्द कुणाची तरी आई-बहीण काढूनच आलेला. मधलं कपाट रिकामं. मग माणसं सेक्स, फोरप्ले, मूड असे शब्द उसने आणतात, आणि तेही 'मूड आहे का?' याच्यापुढे फारसे जात नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली लैंगिक आरोग्यावर मराठीत मासिक काढलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. ते १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. त्यानंतर आपण त्या मधल्या कपाटात काय भरलं कोण जाणे.

आम्ही नवराबायकोने घरातले शब्द तयार केले. भलतेच आहेत, इथे लिहिले तर तुम्ही मला पुन्हा गंभीरपणे घेणार नाही. पण त्यांचा उपयोग झाला, कारण त्या शब्दांना ना शिवीचा वास होता ना पुस्तकाचा. आणि एक लक्षात आलं: नामं नसली तरी प्रत्यक्ष वेळी फारसं अडत नाही. हळू. थांब. जरा वर. तिथेच राहा. अजून. आज नको. हे मराठी सगळ्यांना येतं.

दुसरं म्हणजे 'आवडलं?' हा प्रश्नच टाकाऊ आहे. त्याला एकच उत्तर देता येतं. पाहुण्याने जेवताना विचारल्यावर देतो ते. त्याऐवजी चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यांचे डॉक्टर विचारतात तसं विचारावं. ते कधी 'दिसतंय का?' म्हणून सोडून देत नाहीत. एक भिंग घालतात, दुसरं घालतात, 'आता बरं की मघाशी?' त्यात कुणी नापास होत नाही. 'असं की असं?' 'जोरात की हळू?' उत्तर देणारीला कुणाला दुखवायचं नसतं, फक्त निवडायचं असतं. आमच्याकडे या प्रश्नाने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच गंभीर बैठकीने केलं नाही.

खारुताई

चष्म्याचा नंबर! आता डोळे तपासायला गेले की मला हसू आवरणार नाही. वाचनखूण साठवली.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, स्त्रीरोग हा माझा विषय. अळीमिळीने दुखत नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण वाचणाऱ्यांत अशा असतील ज्यांना दुखतं आणि त्या ते 'मला आवडत नाही' या खात्यात टाकून गप्प आहेत. त्यांच्यासाठी हे.

संबंधांच्या वेळी दुखणं ही तपासण्यासारखी तक्रार आहे. जंतुसंसर्ग असतो, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असतो, कधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जातात. ते आवळणं कुणी मुद्दाम करत नाही, त्यामुळे 'अंग सैल सोड' असं सांगून सुटतही नाही. त्या स्नायूंसाठी वेगळी फिजिओथेरपी असते, तिने अनेकींना फरक पडतो. बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, कोरडेपणा येतो. त्याचा प्रेमाशी संबंध नाही. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (वंगण) मिळतं, ते वापरावं. कंडोम वापरत असाल तर तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, लेटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर डॉक्टर योनीत वापरायचं इस्ट्रोजेनही देऊ शकतात.

औषधांचंही बघा. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, कळसाला उशीर लागणं हे नेहमी दिसतं. मनाने बंद करू नका. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते, पण त्यासाठी डॉक्टरला सांगावं लागतं, आणि तिथेही लोक अळीमिळी गुपचिळी. पुरुषांत मधुमेह आणि रक्तदाबाचा ताठरतेवर परिणाम होतो. उलट कधीकधी ताठरतेची तक्रार हीच रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली सूचना असते, हृदयाच्या तक्रारीच्या आधी आलेली. 'याला आता मी आवडत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी उशाशी कोणत्या गोळ्या आहेत ते पाहावं.

आणि एक गैरसमज, जो माझ्या टेबलासमोर रोज येऊन बसतो: 'माझ्यात काहीतरी कमी आहे, मला नुसत्या संबंधांतून काही होत नाही.' अमेरिकेत १८ ते ९४ वयाच्या हजाराहून थोड्या जास्त बायकांची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नुसता संभोग कळसाला पुरतो असं म्हणणाऱ्या त्यात साधारण १८ टक्के होत्या. शिश्निकेला (क्लिटोरिसला) स्पर्श हवाच असं म्हणणाऱ्या जवळपास ३७ टक्के. म्हणजे 'कमी' असलेल्याच जास्त निघाल्या. त्याच पाहणीत स्पर्श कुठे, किती दाबाने, कोणत्या लयीत हवा याची उत्तरं इतकी निरनिराळी होती की एका बाईवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. हा अवयव ठिपक्याएवढा नाही, त्याचा बराच भाग आत पसरलेला आहे, हे हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे दाखवलं. वैद्यकाच्या पुस्तकांतल्या आकृत्याच तोवर अपुऱ्या होत्या, तर नवऱ्याने कुठून शिकायचं?

मी_नाही_त्यातली

स्टेथो, एक विचारते. मला आपणहून इच्छा अशी कधी होतच नाही. पण एकदा सुरू झालं की छान वाटतं. हा आजार आहे का? नवरा म्हणतो तू कधीच पुढाकार घेत नाहीस.

आणि आणखी एक. सगळे म्हणतायत आवडी सांगा. मला माझ्या आवडी माहीतच नाहीत. 'तुला काय आवडतं?' असं विचारलं की माझं डोकं कोऱ्या पाटीसारखं होतं. मग मी म्हणते, 'तुला आवडेल ते.'

स्टेथो

आजार नाही. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० च्या सुमारास नेमकं हेच मांडलं. तोपर्यंतचा क्रम असा धरायचे: आधी इच्छा, मग उत्तेजना. अनेकांमध्ये, विशेषतः जुन्या नात्यांत, क्रम उलटा असतो. जवळीक, स्पर्श, शरीर जागं होणं, आणि मग इच्छा. तुमच्या नवऱ्याला हे सांगा. फक्त एक धोका आहे. 'सुरू केलं की तुला आवडेलच' असं म्हणून मागे लागायला याचा वापर होऊ शकतो. नको म्हणजे नकोच. क्रम उलटा असला तरी सुरुवातीला मनाची तयारी लागतेच.

तिसरी_घंटा

@मी_नाही_त्यातली, कोऱ्या पाटीवर एकदम निबंध लिहायला कुणी सांगितलं तर जमणार नाहीच. आम्ही एक वही केली होती. तीन रकाने: हो, नको, आणि 'बघू'. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता भरायचं. बारीकसारीक लिहायचं: दिवा चालू की बंद, केस धरलेले चालतात का, कानाशी बोललेलं आवडतं की गप्प बरं, आंघोळीआधी की नंतर. मोठ्या धाडसी गोष्टींपेक्षा या फुटकळ गोष्टींतच आमचे सगळे गैरसमज सापडले. नवऱ्याला सात वर्षं वाटत होतं की मला अंधार हवा. मला वाटत होतं त्याला हवा. आम्ही विनाकारण ठेचकाळत होतो.

'नको'च्या रकान्यावर चर्चा करायची नाही हा आमचा एकमेव नियम. कारण विचारायचं नाही, मन वळवायचं नाही. 'बघू'वर मात्र बोलायचं: कधी, कशा अटींवर, मध्येच थांबायचं झालं तर कसं.

स्टेथो

वहीला जोड म्हणून, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास एक स्पर्शाचा सराव बसवला होता, तो आजही लैंगिक समुपदेशनात वापरतात. ठरलेल्या वेळी एकाने दुसऱ्याला स्पर्श करायचा, मग अदलाबदल. सुरुवातीच्या काही बैठकांत स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य, आणि संभोगाला तर बंदीच. काही घडवायचं ओझं डोक्यावर नसल्याने माणसाचं लक्ष त्वचेकडे जातं: हात गार आहे की गरम, नख लागतंय, पाठीवर चालतं, पोटावर गुदगुल्या होतात. आपली आवड माहीत नसलेल्यांना ती इथे कळायला लागते. मध्ये फक्त एवढंच बोलायचं, अमुक नको, तमुक चालेल.

उंटावरून

बायको झोपली. लिहितो.

माझं उलटं आहे. मला एक गोष्ट हवी होती, आणि ती सांगायला मला नऊ वर्षं लागली. लाज वाटायची, शिवाय भीती की ती मला विकृत समजेल. एकदा अंधारात सांगून टाकलं. ती हसली. पाच सेकंदांचं हसणं, पण मला दोन वर्षं पुरलं. मी 'गंमत करत होतो' म्हणून पाठ फिरवली आणि नंतर सगळ्याच बाबतीत मुका झालो. पुढे एका वेगळ्याच भांडणात ते बाहेर पडलं, आणि ती म्हणाली की मी घाबरून हसले होते, मला काय बोलावं सुचलं नव्हतं. खरं असणार, ती घाबरली की हसतेच. तिच्या परीक्षांचे निकालही तिने हसत ऐकलेत.

तर, ती गोष्ट तिला नकोय. शांतपणे ऐकून, विचार करून, दोन दिवसांनी नको म्हणाली. आमच्यात ती होत नाही, होणारही नाही. गंमत अशी की मला त्याचं फारसं दुःख नाही. ती गोष्ट मिळण्यापेक्षा तिने ऐकून घेऊन तोंड न वाकडं करणं मला जास्त हवं होतं, हे मला आधी माहीतच नव्हतं.

एकच विनंती सगळ्यांना. समोरच्याने असं काही सांगितलं तर पहिल्या मिनिटात हसू नका, 'शी' म्हणू नका, 'हे कुठे बघितलंस?' विचारू नका. 'मला विचार करायला वेळ दे' एवढं म्हणा.

बंडू_नव्हे

पण मग संसारात तडजोड नावाची काही गोष्ट असते की नाही? थोडं तुझं थोडं माझं? प्रत्येक वेळी नको म्हणणाऱ्याचंच खरं करायचं का?

अर्धविराम

पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यात तडजोड होते. अंगाच्या बाबतीत निम्मंनिम्मं कसं करणार? नको म्हणणाऱ्याचं खरं करायचं, हो. हवं असणाऱ्याने दुःखी व्हायला हरकत नाही. आठवड्याला नव्याने विचारत राहिलं की मात्र तो प्रश्न उरत नाही, तगादा होतो, आणि तगाद्याला कंटाळून आलेला 'बरं' हा होकार धरता येत नाही. अळीमिळीचं 'छान'सुद्धा अशाच जातीचं होतं, फक्त तिला तगादा दुसऱ्या कुणी लावला नव्हता, तिचा तिनेच लावला.

कुणाला ती गोष्ट इतकीच महत्त्वाची वाटत असेल की तिच्यावाचून राहता येत नाही, तर तेही बोलावं. त्याचा शेवट गोड होईलच असं नाही.

समांतर

आम्ही दोघं पुरुष आहोत, म्हणून थोडं वेगळं लिहितो. आमच्यात कुणी काय करायचं याचा तयार साचा नव्हता, त्यामुळे पहिल्या महिन्यातच विचारावं लागलं. त्यावरून सरळ जोडप्यांतल्या मित्रांना वाटतं की आमचं सगळं मोकळं असणार. कसलं काय. जे पहिल्या महिन्यात ठरलं ते दगडावर कोरल्यासारखं सहा वर्षं तसंच ठेवलं. माझी आवड मधल्या काळात बदलली होती आणि 'पण तूच तर म्हणाला होतास' याच्या भीतीने मी बोलत नव्हतो. म्हणजे एकदा खरं बोलूनही माणूस अळीमिळीच्याच जागी येऊन बसू शकतो.

सायंकाळ

मी एकसष्ट वर्षांची आहे. धागा वाचून लॉगिन केलं.

आम्ही पस्तीस वर्षं या विषयावर चकार शब्द बोललो नाही आणि सगळं चाललं होतं, म्हणजे चालत होतं. मग माझी पाळी गेली, दुखायला लागलं. ह्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, ह्यांचंही पहिल्यासारखं राहिलं नाही. दोघंही आपापल्या काठावर गप्प. ह्यांना वाटलं मला किळस येते, मला वाटलं ह्यांचं मन उडालं. शेवटी मीच एकदा म्हटलं, 'अहो, मला दुखतं.' ह्यांनी विचारलं, 'कधीपासून?' मी म्हटलं, 'तीन वर्षं.' ह्यांना रडू आलं. मी ह्यांना त्यापूर्वी रडताना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

नाइलाजाने बोलायला लागलो, पण त्यानंतर बरंच बोललो. तरुणपणी न बोललेलंही बोललो. आता संबंध क्वचित, पण रोज दुपारी अर्धा तास दार लावून नुसते जवळ पडून असतो. ते मला पूर्वीच्या सगळ्यापेक्षा आवडतं आणि हे मी ह्यांना सांगितलेलं आहे.

कडीकोयंडा

रजा घेतली होती, पण वाचत होतो. सायंकाळ यांचा प्रतिसाद वाचला. एवढंच.

अळीमिळी

तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला.

सांगितलं. अर्धविराम यांचं वाक्य पाठ करून गेले होते. गाडीत नाही, आम्ही रात्री चालायला जातो तेव्हा. पाठ केलेलं सगळं विसरले आणि भलत्याच टोकाने सुरुवात केली: 'मी डोकं दुखतंय म्हणते ना, ते दुखत नसतं.' तिथून मागे मागे जात त्या पहिल्या 'छान'पर्यंत पोचले.

बंडू_नव्हे, नाही. त्याला ती गोष्ट आवडते. तेवढं सिनेमासारखं झालं नाही.

तो काही बोलला नाही. घरी येऊन अकरा वाजता भांडी घासायला लागला, जी घासायची नव्हती. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'आणि आवाज?' मला याची तयारी नव्हती. मी म्हटलं, अर्धे खरे, अर्धे नाही. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. ती गोष्ट न आवडण्यापेक्षाही. म्हणाला, 'मी त्याच्यावरून तर ओळखायचो.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. माफी मागितली. तपासाचा टप्पाही आला, दोन रात्रींबद्दल विचारलं. एकीचं खरं सांगितलं, दुसरी मला आठवत नव्हती, तेही सांगितलं.

मग आठवडाभर तो माझ्यापासून हातभर लांब. अर्धविराम यांनी लिहिलं नसतं तर मी तो रुसवाच धरला असता. मीच त्याचा हात घेऊन पाठीवर ठेवला आणि म्हटलं, इथे चालतं. मग चष्म्याच्या नंबराचा प्रकार सांगितला. तो पहिल्यांदा हसला. सध्या पाठीपर्यंतच आहोत. परवा सवयीने त्याच्या तोंडून 'आवडलं?' निघालं आणि त्याने जीभ चावली. मी म्हटलं, 'मघाचं बरं होतं.' मग मघाचं काय होतं ते दोघांनाही आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आज नाही, पण आहे, एवढं त्याला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, 'यादी मोठी आहे का?' म्हटलं, एकच. खरंच एकच आहे.

खारुताई

ती न घासायची भांडी डोळ्यांसमोर आली.

अर्धविराम

आवाजांचं त्याला लागणार, वेळ लागेल. मला सहा महिने लागले. मध्येमध्ये 'आत्ताचा खरा होता' असं तिने आपणहून सांगितलं की बरं वाटायचं. सुचवून ठेवतो.

मी_नाही_त्यातली

मी वही आणली. नवऱ्यानेही त्याचा कागद घेतला, पेन शोधत बसलाय. माझ्या 'हो'मध्ये तीन गोष्टी झाल्या, त्यातली एक पायाला तेल चोळणं ही आहे, ती यात मोजतात का माहीत नाही. 'नको'मध्ये पाच, तिथे हात भराभर चालला. बाकी सगळं 'बघू'त. आता प्रश्न एवढाच की ही वही घरात ठेवायची कुठे. मुलाला नुकतंच वाचता यायला लागलंय.